तंत्रज्ञान विद्यापीठात दृश्यकला आणि डिझाइन: नवलाई ओसरल्यानंतरचा अनुभव

प्रवेश घेण्याआधी मी जे जे अनुभव वाचले त्यांत इमारती, हॉस्टेल आणि प्लेसमेंट यांचीच चर्चा होती. वर्गात रोज काय चालतं, हाताला काय वळण लागतं, कुठे अडायला होतं, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. आता पहिलं वर्ष मागे पडलंय, दुसरंही बरंच पुढे सरकलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

वस्तू प्रत्यक्ष घडवायची ओढ असेल तर दृश्यकला आणि डिझाइन शिकायला तंत्रज्ञान विद्यापीठ फार चांगली जागा आहे, आणि त्याचं मुख्य कारण आहे वर्कशॉप. कॉम्प्युटर लॅब नव्हे. सॉफ्टवेअर कुठेही, घरी बसूनही शिकता येतं. पण लाकूड, धातू, प्लास्टिक, छपाई, माती यांची सगळी यंत्रं एका आवारात, त्यांचा स्वभाव जाणणाऱ्या माणसांसकट, सहसा मिळत नाहीत.

लेझर कटरचंच बघा. पडद्यावर खोक्याचा आराखडा काढायचा, कडेला एकमेकांत बसणारे दाते द्यायचे, फाइल पाठवायची; ऐकायला सोपं वाटतं. पण ३ मिमी म्हणून आणलेला प्लाय व्हर्निअरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापकाने, मोजला की कधी २.७ भरतो, कधी ३.२. त्यात लेझर जिथून जातो तिथलं मिलिमीटरच्या दशांशाएवढं लाकूड जळून जातं, त्यामुळे आराखड्यात तंतोतंत बसणारे दाते हातात आल्यावर सैल पडतात. म्हणून खोकं कापण्याआधी त्याच प्लायच्या तुकड्यावर वेगवेगळ्या मापांच्या खाचांची एक छोटी फणी कापून घेतात. कोणती खाच हाताने दाबल्यावर घट्ट बसते आणि कोणतीला हातोडी लागते ते बघायचं आणि मगच पुढे जायचं. पीव्हीसी तर लेझरखाली घालूच देत नाहीत, कारण ते जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो आणि तो फुप्फुसांना बाधतो, यंत्रालाही गंज चढवतो. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात दोन ओळींचं असेल, पण हातात फणी धरली की ते डोक्यात पक्कं बसतं.

हे शिकवतात ते वर्कशॉपमधले काका. त्यांच्या नावापुढे प्राध्यापक लागत नाही, गुणपत्रिकेवर त्यांची सही नसते, आणि तरीही माझ्या शिक्षणाचा मोठा वाटा त्यांच्याकडून आलाय. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ साली जर्मनीतल्या वायमारमध्ये बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू केली तेव्हा तिथल्या कार्यशाळांमध्ये दोन गुरू असायचे. एक कलावंत, रूपाचा विचार शिकवणारा, आणि दुसरा कारागीर, हाताचं काम शिकवणारा. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कारागिराला निदान गुरूचा दर्जा तरी दिला गेला होता. आजही तो अभ्यासक्रमात लेखी स्वरूपात द्यायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

रंगाचा कोर्स हा दुसरा मोठा ठेवा. त्यात ब्रश आणि ट्यूब बाजूला ठेवून रंगीत कागद कापायला लावले. ही पद्धत बाउहाउसमध्ये शिकवणारे चित्रकार जोसेफ अल्बर्स यांची. बाउहाउस बंद झाल्यावर ते १९३३ मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी वर्षानुवर्षं असेच कागद कापून घेतले. एकाच कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्यायच्या, दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवायच्या, आणि त्या दोन वेगळ्या रंगांच्या दिसेपर्यंत पार्श्वभूमी बदलत राहायचं. रंग मिसळायचा नसल्यामुळे सगळं लक्ष बघण्यावर राहतं. खाकी पट्टी एकीकडे हिरवट आणि दुसरीकडे गुलाबीसर दिसायला लागली की कॉम्प्युटरवरच्या रंगाच्या कोडवरचा, म्हणजे त्याच्या ठरलेल्या आकड्यावरचा, आंधळा विश्वास उडतो. त्यालाच जोडून छपाईची लॅब होती. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट उतरतो, कारण पडदा प्रकाशाने रंग करतो आणि छपाई शाईने, आणि शाईची झेप तेवढी नसते. हे प्रूफ, म्हणजे चाचणीची छापील प्रत, हातात घेऊन, त्याच संध्याकाळी, शेजारच्या खोलीत जाऊन बघता आलं. असं रंगाचा वर्ग आणि छपाईचं यंत्र लागून असणं मला अमूल्य वाटतं.

स्क्रीन प्रिंटिंग मला सगळ्यात आवडलं. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर इमल्शन, म्हणजे प्रकाशाने कडक होणारा लेप, पसरून अंधारात वाळवायचं, वर काळं चित्र असलेली फिल्म ठेवून अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश लागतो तिथे इमल्शन कडक होतं, काळ्याखाली मऊच राहतं आणि पाण्याने धुऊन निघतं. धुताना चित्र जाळीत हळूहळू उघडतं तेव्हा वर्गात कुणीच बोलत नाही.

टायपोग्राफीत, म्हणजे छापील अक्षरांच्या मांडणीत, देवनागरीवर काम करायला मिळालं, पण मागून घ्यावं लागलं. नियमांची उदाहरणं सगळी रोमन लिपीतली. देवनागरीला वेलांटी, मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळे दोन ओळींत जास्त जागा लागते. रोमनसारखं अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. शिक्षकांनी माझा हट्ट मानला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आता इंजिनीअरिंगच्या शेजाराविषयी. एका सामाईक प्रकल्पात मेकॅनिकलच्या मुलांबरोबर आम्हाला बरणीचं झाकण उघडायचं साधन करायचं होतं, मनगटात जोर कमी असलेल्या माणसांसाठी. त्यांनी पहिल्याच दिवशी गणित मांडलं की पकडीचा व्यास वाढवला की कमी जोर लागतो. बरोबरच होतं. पण आम्ही वयस्कर माणसांच्या हातांचे व्हिडिओ काढून आणले, त्यांत दिसलं की एका मर्यादेपलीकडे बोटं वळतच नाहीत, तळवा नुसता घसरतो. मग दोन्ही गोष्टी समोर ठेवून मापं ठरली. पहिला थ्रीडी प्रिंट केलेला नमुना थरांच्या रेषेवर तडकला, कारण तिथे थर एकमेकांना कमी घट्ट धरतात. त्यांनी भाग आडवा करून पुन्हा छापला आणि तो टिकला. एकट्या कला महाविद्यालयात हा प्रकल्प देखण्या चित्रापाशी थांबला असता, असं मला वाटतं.

चित्रकला आणि तंत्रज्ञान एका छताखाली आणायची धडपड जुनीच आहे. कलावंत ग्यॉर्गी केपेश यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत दृश्यकलेच्या प्रगत अभ्यासाचं केंद्र काढलं. फिनलंडमध्ये २०१० साली तंत्रज्ञान, अर्थशास्त्र आणि कला-डिझाइन अशी तीन विद्यापीठं एकत्र करून आल्टो विद्यापीठ उभं राहिलं. पण छत एक झालं म्हणून वेळापत्रक बदलतंच असं नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

आमच्याकडे तास इंजिनीअरिंगच्या धर्तीवर आखलेले आहेत. मानवाकृतीच्या रेखाटनाला सलग लांब वेळ लागतो. हात सैल होईपर्यंतच पहिला तास जातो. तिथे घंटा वाजते आणि सामान आवरून दुसऱ्या इमारतीत पळावं लागतं. कलेचा इतिहास एका सत्रात उरकला, तोही स्लाइडवर स्लाइड. मूल्यमापनाचा तक्ता तर सगळ्यांना एकच: उद्दिष्ट, पद्धत, चाचणी, निष्कर्ष. उत्पादनाच्या डिझाइनला तो छान लागू पडतो. पण माझ्या वर्गातली एक मैत्रीण मोठे अमूर्त कॅनव्हास करते. तिला प्रत्येक चित्राचा 'वापरकर्ता' कोण ते लिहून द्यावं लागलं, आणि तिने ते लिहिताना काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय. निव्वळ चित्र किंवा शिल्प करायचं असेल, उत्तर माहीत नसताना महिनोन्महिने एकाच प्रश्नाशी बसायचं असेल, तर मी कला महाविद्यालयच सुचवेन.

ज्युरीची, म्हणजे सगळ्यांसमोर होणाऱ्या कामाच्या परीक्षणाची, भीती घालतात, ती मला अनाठायी वाटली. काम भिंतीवर लावायचं आणि आधी इतरांना बोलू द्यायचं, ही आमच्या शिक्षकांची रीत. आपण न सांगता लोकांना काय दिसतं हे कळतं, आणि तेच तर हवं असतं.

प्रवेशाचा विचार करणाऱ्यांनी माहितीपत्रकावर विसंबू नये, प्रत्यक्ष जाऊन विचारावं. पहिल्या वर्षाच्या मुलांना यंत्र स्वतः चालवू देतात, की फाइल देऊन तुकडे घेऊन जायला सांगतात? वर्कशॉप संध्याकाळी किती वाजता बंद होतं? सबमिशनच्या आठवड्यात रांग किती लांब असते? रेखाटनाला सलग किती वेळ मिळतो? इतर शाखांबरोबरच्या प्रकल्पाला क्रेडिट आहे की तो हौसेचा मामला? ही उत्तरं शिकणाऱ्या मुलांकडून घ्या, आणि जमलं तर वर्कशॉपमधल्या काकांकडूनही.