गल्लीतला वायरमन की लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर? जुन्या घराचं चेकिंग कुणाकडनं करून घ्यायचं

बेळगावच्या शहापूर-वडगावातली जुनी घरं असोत नाहीतर खानापूरकडची कौलारू, लाइटीचं काम निघालं की आपण गल्लीतल्या वायरमनलाच हाक मारतो आणि ते बरोबरच आहे, पंखा बंद पडला, सॉकेट जळलं तर धावून येणारा तोच. पण सगळं घर एकदा तपासून घ्यायचं असेल तर जादा पैसे घालून सरकारी लायसन असलेला कॉन्ट्रॅक्टर बोलवायचा का? माझं मत, जुनं घर असेल तर बोलवाच.

खरा फरक मोजमापाचा. वायरमनचा टेस्टर करंट आहे का नाही एवढंच सांगतो, भिंतीतल्या वायरचं कव्हर किती खराब झालंय ते त्याला कळत नाही, त्याला मेगर (वायरचं कव्हर करंट किती अडवतंय ते मोजणारं मीटर) लागतो, 500 व्होल्टवर रीडिंग घेतात आणि ते 1 मेगाओहमच्या खाली आलं तर त्या वायरिंगमध्ये दोष आहे समजा. अर्थिंगचंही तसंच, हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली दिसते पण पुढं ती जमिनीत नीट पोचलीय का हे मीटर लावूनच कळतंय.

"आमच्यात एमसीबी हाय की" असं बरेच जण म्हणतात. एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तो वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपचा एमसीबी माणसाला जीवघेणा शॉक बसला तरी पडेलच असं नाही, कारण 30 मिलीअँपच्या, म्हणजे 0.03 अँपच्या, पुढचा करंटसुद्धा जिवावर बेतू शकतो, म्हणून 30 मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, पाहिजेच, गिझर आणि पाण्याची मोटर असलेल्या घरात तर आधी तोच बसवा. त्याचं टेस्ट बटण महिन्यातनं एकदा आपणच दाबून बघायचं, त्याला कुणी लागत नाही, फक्त बटण दाबल्यावर पडला म्हणून अर्थिंग चांगलं असं धरू नका, ते बटण अर्थिंग तपासतच नाही.

चेकिंग कधी करायचं हेही महत्त्वाचं. आपल्याकडं पावसात भिंती ओल धरतात, वायरिंगचा कच्चेपणा तेव्हाच बाहेर येतो, म्हणून मेगर जुलै-ऑगस्टमध्ये, आणि अर्थिंग मात्र एप्रिल-मेमध्ये, जमीन वाळून कडक झालेली असते तेव्हा, पावसात मोजलं तर ओल्या मातीमुळं रीडिंग चांगलंच दिसणार. दोनदा बोलवणं परवडत नसेल तर पावसातलं एक तरी कराच.

हेस्कॉमवाले (आपली वीज कंपनी) बघतील म्हणून बसू नका, मीटरच्या पुढचं वायरिंग आपल्याच जबाबदारीत येतं.

कॉन्ट्रॅक्टर ठरवताना लायसन बघायला मागा, मेगर आणि अर्थ टेस्टर आणणार का विचारा, रीडिंग कागदावर लिहून घ्या. नुसतं बोर्ड उघडून "सगळं ओके" म्हणणाऱ्याला चेकिंगचे पैसे देऊ नका. नंतर स्विच, पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामं गल्लीतल्या अनुभवी वायरमनकडनं केली तरी चालतंय, पण वायरिंगची दुरुस्ती, मेन बोर्ड आणि अर्थिंगचं काम लायसनवाल्याकडंच ठेवा. नवीन फ्लॅट असेल तर आधी बिल्डरकडनं टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.