दुसऱ्याचा तास बघायला मिळाला: पियानो शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे नऊ महिने

गेल्या ऑगस्टमध्ये मी पियानो शिकवणाऱ्यांसाठीच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात नाव नोंदवलं. कोर्स इंग्लंडमधून चालतो, नऊ महिन्यांचा आहे, आणि एप्रिलअखेर तो संपला. तेव्हापासून सहा-सात जणींनी मला विचारलं, "ताई, पैसे वसूल झाले का?" फोनवर प्रत्येकीला अर्धवटच सांगून झालं, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, आणि मी चौकशी केलेले इतर दोन-तीन कोर्सही थोड्याफार फरकाने असेच होते.

मी पुण्यात सोळा वर्षं घरी पियानो शिकवते. सध्या बावीस विद्यार्थी आहेत. सर्वांत लहान मुलगी सहा वर्षांची, आणि सर्वांत मोठे काका बँकेतून निवृत्त झालेले, सदुसष्ट वर्षांचे. मी स्वतः पाश्चात्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा दिल्या, आठवी ग्रेड झाली, शेजारच्या दोन मुलींना शिकवायला घेतलं आणि तिथून सगळं सुरू झालं. आपल्यापैकी बहुतेकींची कथा हीच आहे. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं, घरी पियानो शिकवायला वाजवता आलं की पुरतं, असं धरून चालतात. वाजवणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मला दहाव्या-बाराव्या वर्षी जाणवायला लागलं होतं. तेच विद्यार्थी त्याच जागी अडत होते, आणि मी त्यांना तेच तेच सांगत होते.

आपल्याकडच्या गाण्याच्या क्लासमध्ये एक गोष्ट आपोआप होते. चार मुली ओळीने बसलेल्या असतात. गुरुजी एकीला शिकवतात तेव्हा बाकीच्या ऐकत असतात: चूक कुठे पकडली, किती वेळा गाऊन दाखवलं, कुठे गप्प बसले. दहा वर्षं असं बसलेली मुलगी पुढे शिकवायला लागते तेव्हा तिने शेकडो तास दुसऱ्याला शिकवताना पाहिलेलं असतं. पियानोचा तास म्हणजे बंद खोलीत एक शिक्षक आणि एक मूल. मी माझ्या बाईंकडे बारा वर्षं शिकले, पण त्या दुसऱ्या कोणाला कशा शिकवतात ते एकदाही पाहिलं नाही. लंडनमध्ये कॅरोला ग्रिंदेआ यांनी १९७८ साली युरोपियन पियानो टीचर्स असोसिएशन सुरू केली; अमेरिकेत संगीत शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १८७६ पासून आहे. तिकडे शिक्षक एकत्र जमून एकमेकांचं काम बघतात. इथे मला तसं काही सहज मिळत नव्हतं. या कोर्सने ते दिलं, आणि माझ्या लेखी त्याची खरी किंमत तीच आहे.

रचना अशी होती: दर दुसऱ्या गुरुवारी दीड तासाचं सत्र, आणि महिन्यातून एकदा स्वतःच्या तासाचा पंधरा मिनिटांचा, कुठेही न कापलेला व्हिडिओ. (पालकांची लेखी परवानगी घ्यायची, तीही महिनाभर आधी.) व्हिडिओ आपल्या चारजणींच्या गटाला आणि मार्गदर्शक बाईंना दिसायचा. माझ्या गटात एक मडगावची, एक बंगळुरूची आणि एक नैरोबीची होती.

पहिल्या व्हिडिओबद्दल लिहायलाच हवं. नऊ वर्षांचा मुलगा, जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट (एक छोटी नृत्यरचना) वाजवत होता. हा मिन्युएट संगीतकार योहान सेबास्टियान बाखच्या पत्नीच्या, आना माग्दालेनाच्या, १७२५ च्या वहीत सापडतो. पुष्कळ वर्षं तो बाखच्या नावावर खपत होता, पण रचना ख्रिस्तियान पेट्झोल्डची आहे. सातव्या मापात (म्हणजे तालाच्या सातव्या घरात) उजव्या हाताने एफ शार्प येतो, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीन. हा मुलगा दर वेळी तिथे पांढरी चार वाजवायचा. मी म्हणायचे, "परत." तो पहिल्यापासून वाजवायचा, सातव्या मापात पांढरी चार. "एफ शार्प आहे ना? परत." पंधरा मिनिटांत मी "परत" हा शब्द चौदा वेळा उच्चारला होता, आणि व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं की दर वेळी त्याचे खांदे अर्ध्या बोटाने वर चढत होते. शेवटी ते कानांना टेकायला आले होते. तास चालू असताना मला यातलं काहीही दिसलं नव्हतं, कारण माझे डोळे त्याच्या बोटांवर आणि नोटेशनवर होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं होतं: "तो सूर त्याने ऐकलाय का?"

मी त्यावर दोन दिवस विचार केला. मुलगा गाण्याच्या क्लासलाही जातो. पुढच्या तासाला पियानोचं झाकण बंद ठेवलं, पांढऱ्या पाचाचा सा दिला आणि त्याला ते माप सरगममध्ये गायला सांगितलं. नी सा रे ग सा, आणि मग रे वर थांबायचं. त्याने गायलं, नी अगदी शुद्ध लावला. मग मी म्हटलं, "आता नी कोमल लावून बघ." त्याने लावला आणि स्वतःच हसला, "ताई, हे तर वेगळंच गाणं झालं." झाकण उघडलं. बोट सरळ काळ्या पट्टीवर गेलं. त्यानंतर ती चूक पुन्हा झालेली नाही.

कोर्समध्ये हे सगळं कोदाय पद्धतीच्या सत्रात आलं. हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांनी फिरता 'डो' वापरला, म्हणजे त्यांचा सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो. सुरांसाठीच्या हाताच्या खुणा त्यांनी इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्याकडून घेतल्या. चिन्हाच्या आधी सूर, असा त्यांचा आग्रह. सत्रात युरोपातल्या शिक्षकांना फिरता डो समजावून सांगायला चाळीस मिनिटं गेली. मडगावची मैत्रीण आणि मी एकमेकींना संदेश पाठवत होतो, की आपली मुलं हे बालवाडीपासून करतात! गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा सा फिरताच असतो. आज काळी एक, उद्या काळी चार. आणि मी सोळा वर्षं काय केलं, तर पियानोपाशी बसलं की "इथे सा विसरायचा, इथे फक्त सी डी ई" असं सांगून त्यांच्या हातातली किल्लीच काढून घेतली. आता मी प्रत्येक नव्या तुकड्याचा सा आधी शोधायला लावते.

दुसरं खूप उपयोगी पडलेलं म्हणजे नोटेशन वाचायला शिकवण्याची पद्धत. मी आतापर्यंत 'एव्हरी गुड बॉय' वगैरे वाक्यं पाठ करून घेत होते. मुलं प्रत्येक सुराला रेषा मोजत बसायची आणि तोवर ताल कोसळायचा. अमेरिकेच्या फ्रान्सिस क्लार्क यांनी तीन खुणेचे सूर वापरायला सुरुवात केली: वरचा जी, मधला सी आणि खालचा एफ. ट्रेबल क्लेफ (वरच्या पाच रेषांच्या सुरुवातीचं चिन्ह) जीच्या रेषेभोवती वळतो आणि बेस क्लेफ (खालच्या पाच रेषांचं चिन्ह) एफच्या रेषेवर सुरू होतो, त्यामुळे ते दोन सूर पानावर आपोआप सापडतात; आणि दोन्ही मधल्या सीपासून पाच सुरांवर आहेत. बाकी सगळं या तिघांपासूनच्या अंतराने वाचायचं, एक पायरी वर, एक उडी खाली. सहा वर्षांच्या माझ्या विद्यार्थिनीने तीन महिन्यांत जे वाचलं, ते माझे जुने विद्यार्थी वर्षात वाचत नसत. पण जुन्या विद्यार्थ्यांची सवय मोडायला मात्र फार वेळ जातो. दोघांच्या बाबतीत मी तो नाद सोडला.

सरावाच्या सत्राविषयी थोडक्यात. शे आणि मॉर्गन यांचा १९७९ चा एक प्रयोग आहे, हाताच्या हालचालींचा. एकच कृती सलग घोकणारे सरावाच्या वेळी सरस ठरले, पण नंतर तपासलं तेव्हा कृती मिसळून सराव करणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहिलं होतं. मी घरच्या अभ्यासाची वही बदलली: 'एक तुकडा वीस वेळा वाजव' असं लिहिण्याऐवजी तीन तुकडे आलटून पालटून. पालक सुरुवातीला नाराज होते. "ताई, घरी ऐकताना काहीच पक्कं झाल्यासारखं वाटत नाही." खरंच वाटत नाही. मी त्यांना महिनाभर थांबायला सांगितलं, आणि महिन्यानंतर कोणी तक्रार केली नाही.

थांबण्यावरून आठवलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. मी माझे जुने व्हिडिओ घड्याळ लावून पाहिले. मी एक सेकंदही थांबत नव्हते. चाळीस मिनिटांच्या तासात मूल प्रत्यक्ष वाजवत होतं तेरा मिनिटं. एप्रिलमधल्या शेवटच्या मोजणीत तो आकडा चोवीसवर गेला. माझा घसाही संध्याकाळी बसत नाही, हा अनपेक्षित फायदा.

आता परीक्षा. आपल्याकडे पालक पियानोचा क्लास ग्रेडवरून मोजतात, त्यामुळे हे टाळता येत नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडला १५० गुण: तीन तुकड्यांचे ९०, स्केल्सचे (स्वरांच्या आरोह-अवरोहाचे) २१, साइट रीडिंगचे (न पाहिलेलं वाचून वाजवण्याचे) २१, ऑरलचे (ऐकून ओळखण्याचे) १८. उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. म्हणजे साइट रीडिंग आणि ऑरल मिळून ३९ गुण, आणि मी दोन्ही शेवटच्या सहा आठवड्यांत उरकत होते. कोर्समध्ये परीक्षेचं वेगळं सत्र नव्हतंच, पण आता रोजच्या तासाची पहिली पाच मिनिटं ऐकून ओळखणं आणि न पाहिलेल्या चार ओळी वाचणं यालाच जातात, त्यामुळे वेगळी तयारी करावी लागत नाही.

तक्रारी. पहिली वेळेची. सत्र लंडनच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं बदलली आणि आपल्याकडे साडेअकरा झाले. मार्चअखेरपर्यंत दर दुसऱ्या गुरुवारी मी रात्री एक वाजता झोपत होते, आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला माझा पहिला विद्यार्थी येतो. रेकॉर्डिंग मिळतं, पण चर्चा त्यात नसते आणि चर्चेतच सगळं असतं. दुसरी, पैसे. फी पौंडांत. कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून मला एकाहत्तर हजार रुपये पडले. हप्ते मिळाले नाहीत. तिसरी मला सर्वांत जास्त खुपली: सगळी उदाहरणं असं गृहीत धरून होती की मुलाच्या घरी खरा पियानो आहे. माझ्या बावीसपैकी नऊ जणांकडे एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, पट्ट्या हलक्या, पेडल नाही. मनगटाच्या वजनाने आवाज कसा काढायचा यावर दोन सुंदर सत्रं झाली, पण ज्या वाद्याला वजन कळतच नाही त्यावर हे कसं शिकवायचं, याचं उत्तर मिळालं नाही. नैरोबीच्या मैत्रिणीचाही हाच प्रश्न होता. शेवटी आम्ही चौघींनीच एक उपाय काढला: आधी टेबलावर, मग माझ्याकडच्या पियानोवर, आणि घरी कीबोर्डवर फक्त बोटांची जुळणी. हा जुगाड आहे, पण चालतो.

ज्या ऑनलाइन तास घेतात त्यांच्यासाठी एक छोटी सूचना, जी मला चौथ्या सत्रात कळली: झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर झूम पियानोच्या लांबत जाणाऱ्या सुराला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं. दोन वर्षं माझ्या दुबईच्या विद्यार्थिनीला मी "सूर धरून ठेव" म्हणून रागावत होते, आणि ती धरून ठेवत होती. तिची मी फोन करून माफी मागितली.

आता ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर. तुम्ही नुकतंच शिकवायला लागला असाल तर एवढे पैसे आत्ता घालू नका. आधी एक वर्ष फोन स्टँडवर लावून स्वतःचे तास बघा, आणि कोणीतरी एक विश्वासाची मैत्रीण ते बघायला तयार करा. पाच-सात वर्षं झाली असतील आणि तेच तेच अडत असेल, तर घाला. प्रमाणपत्रासाठी मात्र नको. माझं कपाटात आहे, आतापर्यंत एकाही पालकाने मागितलेलं नाही.

कोर्स संपल्यावर मडगावच्या मैत्रिणीचे आणि माझे व्हिडिओ चालूच आहेत. शिवाय पुण्यात आम्ही चारजणी मे महिन्यापासून दर पहिल्या रविवारी सकाळी माझ्या घरी जमतो. दोघी पियानोच्या, एक व्हायोलिनची, एक शास्त्रीय गायन शिकवणारी. एकीचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ, दोनदा बघायचा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. व्हायोलिनच्या बाईंनी गेल्या वेळी आवाज बंद असताना दाखवलं, की मूल चुकायच्या आधी श्वास रोखतं. आम्ही तो तुकडा पाच वेळा मागे नेऊन पाहिला. पुढचा व्हिडिओ माझा आहे: सदुसष्ट वर्षांचे काका, डाव्या हाताचा पहिला धडा. त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि विचारलं, मलाही बघायला मिळेल का?