‘द रिअल वर्ल्ड’, पहिला सीझन: सोपवाल्या बाईंचं फुटेज

तेरा भाग, एकेक अर्ध्या तासाच्या आतबाहेर. दोन रविवारांत संपले. मी रिअॅलिटी शोच्या स्टोरी टीममध्ये काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइमकोडसकट उतरवून काढते. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच बघायची हौस कुणाला असेल? तरी एमटीव्हीचा हा न्यूयॉर्कचा सीझन बघितला, तो मेरी-एलिस बुनिम या बाईंसाठी.

बाई मूळच्या डेली सोपवाल्या. ‘सर्च फॉर टुमॉरो’, ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’, ‘सँटा बार्बरा’ या मालिकांच्या कार्यकारी निर्मात्या. 1987 मध्ये त्यांनी बातम्या आणि माहितीपटांकडून आलेल्या जोनाथन मरी यांच्याबरोबर कंपनी काढली. एमटीव्हीला तरुणांची सोप हवी होती. पण लेखक, नट, मेकअप, कपडे हा खर्च झेपेना. मग यांनी म्हटलं, लेखक आणि नट दोन्ही काढून टाकू, खरीच सात मुलं एका घरात ठेवू. 1991 मध्ये थोड्या दिवसांची चाचणी झाली आणि 21 मे 1992 ला पहिला भाग लागला. एवढा मोठा प्रकार बजेटच्या कात्रीतून निघाला, याचं आमच्या लाइनीत कुणालाच नवल वाटणार नाही.

आता माल कसा आहे ते सांगते. चित्र चौकोनी, व्हिडिओवर शूट केलेलं, रात्रीचे प्रसंग दाणेदार. टास्क नाही, एलिमिनेशन नाही, बक्षीस नाही, सूत्रसंचालकही नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागातला मोठा लॉफ्ट, म्हणजे एकच मोकळं प्रशस्त घर, आणि सात जण, बस्स. ‘बिग बॉस’वर वाढलेल्यांना पहिले दोन भाग मिळमिळीत वाटतील. तिथे सोडू नका.

पहिल्याच भागात एक जागा आहे. अलाबामाहून आलेली एकोणीस वर्षांची ज्यूली, आणि रॅपर हेदर. हेदरचा पेजर, म्हणजे मोबाइलच्या आधीचं निरोप येण्याचं छोटं यंत्र, वाजतो; तेव्हा ड्रग्ज विकणारेही ते बाळगत. ज्यूली अगदी निरागसपणे विचारते, तू ड्रग्ज विकतेस का? आमच्याकडे आज हे घडलं तर काय होईल ते मला पाठ आहे: ढँण, तिघांचे क्लोजअप, पुन्हा ढँण, ब्रेक. इथे तसं काही नाही. प्रश्न तसाच हवेत लोंबकळतो. हेदरच्या चेहऱ्यावर राग, हसू आणि ‘ही कुठून आली’ असं सगळं एकदम येतं, आणि कापणाऱ्याने ते येऊ दिलंय. पुढे याच दोघींची घट्ट मैत्री होते. पेजरचा प्रसंग आधी पोटात गेलेला असतो, म्हणून ती मैत्री पटते. ही सोपची अक्कल. ट्रॅक पेरायचा कधी आणि उगवू द्यायचा कधी, हे रोज एक भाग काढणाऱ्या माणसाला कळतं. नुसता कॅमेरा लावून बसणाऱ्याला नाही.

अकरावा भाग मी दोनदा बघितला, दुसऱ्यांदा वही घेऊन. ज्यूली आणि सातांपैकीच केविन यांचं मोठं भांडण होतं, आणि ते कॅमेऱ्यात नाहीच! सीझनमधला सगळ्यात स्फोटक प्रसंग आणि फुटेज शून्य. माझ्या पोटात गोळाच आला असता. यांनी काय केलं, तर तिची हकिकत, त्याची हकिकत, बाकीच्यांचं म्हणणं, आणि मग फुटपाथवर दोघांचा समोरासमोर वाद, तोही वर्णावरून, आवाज चढवून. तो मात्र कॅमेऱ्यात आहे. खरं कोण बोलतंय याचा निकाल कुणी लावत नाही. एका शोमध्ये मला मंगळवारचं हसू शुक्रवारच्या वाक्याला जोडायला लावलं होतं. असल्या जोडकामाला आम्ही फ्रँकनबाइट म्हणतो. ती मुलगी नंतर फोन करून म्हणाली, “ताई, मी त्याच्यावर हसलेच नव्हते गं.” अकरावा भाग बघताना तो फोन आठवत राहिला.

सगळंच सोनं नाही. मुलींना जमैकाला पाठवतात तो भाग उघडउघड ओढूनताणून आणलाय; घरात काही घडेना म्हणून विमानाची तिकिटं काढली, एवढंच. तिथे क्रूमधलाच एक दिग्दर्शक घरातल्या बेकीच्या प्रेमात पडतो आणि त्याला शो सोडावा लागतो. मला त्यात रस वाटला तो धंदेवाईक कारणाने; इतरांना कितपत वाटेल, देव जाणे. घरातल्याच आंद्रेच्या बँडचे प्रसंग मी पुढे ढकलले.

हा सीझन आवडला तर पुढे 1994 चा सॅन फ्रान्सिस्कोचा सीझन जरूर बघा. त्यातला पेद्रो झामोरा एचआयव्हीबाधित होता आणि ते त्याने उघडपणे सांगितलं होतं. शेवटचा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, 11 नोव्हेंबरला, तो गेला. याच कंपनीचा 1995 चा ‘रोड रूल्स’ बघताना मात्र ‘रोडीज’ची आठवण येईल आणि तेवढ्यावरच भागेल. डिसेंबर 2003 मध्ये आलेला ‘द सिंपल लाइफ’ही यांच्याच कंपनीचा, पॅरिस हिल्टन आणि निकोल रिची शेतावर राहायला जातात तो. मला तो सपक वाटला, लोकांनी डोक्यावर घेतला. तो लागल्यावर दोनच महिन्यांत, 29 जानेवारी 2004 ला, बुनिम बाई स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. वय 57. टेलिव्हिजन अकादमीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं ते 2012 मध्ये, मरी यांच्याबरोबर.

2021 मध्ये पहिल्या सीझनचे तेच सात जण पुन्हा त्याच लॉफ्टमध्ये आणले. त्यातल्या एरिकला कोविड झाल्यामुळे तो पडद्यावरूनच बोलतो, आणि बेकी केविनशी वर्णाच्याच विषयावर वाजल्यावर मध्येच निघून जाते. तो नवा सीझन मी अर्धा बघितलाय. पण आधी जुना बघा, आणि सलग बघा. अकराव्याला फोन बाजूला ठेवा.