टेनिसचं स्ट्रीमिंग: चारही ग्रँडस्लॅम बघून झाल्यावरचा अनुभव

वर्षाचं सबस्क्रिप्शन फक्त ग्रँडस्लॅमसाठी, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांसाठी घेतलं होतं. 2025 चे चारही झाले, जानेवारीतल्या मेलबर्नपासून सप्टेंबरमधल्या न्यूयॉर्कपर्यंत, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाहीये.

लाइव्ह चांगलं चालतं, पिक्चर स्वच्छ, बॉल नीट दिसतो. वैताग आहे तो रिप्लेचा. अ‍ॅप उघडलं की पहिल्याच फोटोत ट्रॉफी घेतलेला माणूस! स्कोअर लपवायचं सेटिंग आहे म्हणा, पण व्हिडिओची लांबी दिसतेच ना. फ्रेंच ओपनची पुरुषांची सिनर-अल्काराझ फायनल मी रिप्लेवर बघितली, चौथा सेट, सिनर 5-3 ने पुढे, अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे तीन चॅम्पियनशिप पॉइंट, तिन्हींपैकी एक जरी घेतला तरी ट्रॉफी सिनरची, आणि खाली व्हिडिओची पट्टी बघतो तर अजून केवढी तरी शिल्लक. झालं, कळलं की अल्काराझ आता सुटणार. तरी शेवटपर्यंत बघितली, 5 तास 29 मिनिटं, तिथली आजवरची सगळ्यात लांब फायनल, आणि पाचव्या सेटचा निकाल लावणारा 10 पॉइंटचा टायब्रेक अल्काराझने 10-2 असा उडवला. हायलाइट्समध्ये यातलं काहीच कळत नाही हो, नुसते विनर, म्हणजे समोरच्याला न पोचणारे फटके दाखवतात, ड्यूसवर (40-40 वर) अडकलेली गेम गायब.

पैसे खरे वसूल झाले ते पहिल्या आठवड्यात. सिंगल्सला 128 खेळाडू, म्हणजे पहिल्याच राउंडला 64 मॅचेस, त्यातल्या मोठ्या स्टेडियमवरच्या सगळे बघतात पण कोर्ट निवडायची सोय असेल तर बाहेरची छोटी कोर्टं लावा. तिथे कॉमेंट्री नसते बऱ्याचदा आणि तेच बरं, फ्रेंच ओपनला मातीवर घसरणारे बूट ऐकू येतात, आता स्टँडमधून कोचिंगला परवानगी आहे तर कोचचं पुटपुटणंही ऐकू येतं. फ्रेंचमध्ये बॉल आत की बाहेर ते सांगायला अजून लाइनवर माणसं उभी असतात, वाद झाला की अंपायर खुर्चीतून उतरून मातीतला बॉलचा ठसा बघायला येतो, खेळाडू बोट दाखवतोय, अंपायर वाकून बघतोय, मला हा प्रकार जाम आवडतो. बाकी तिन्हीकडे मशीनच आउट देतं, विम्बल्डनने तर 2025 मध्ये लाइन जजेस काढले. सोय झाली, पण कोर्टवरचा एक ड्रामा गेला.

घरातल्या कुणाला टेनिस दाखवायचं असेल तर बायकांच्या मॅचेसपासून सुरू करा, तीनपैकी दोन सेट, जीव दमत नाही. अर्थात 2025 ची विम्बल्डनची बायकांची फायनल इगा श्विऑनटेकने 6-0, 6-0 अशी 57 मिनिटांत संपवली, तसं झालं तर पाहुणे चहा यायच्या आत मोकळे. डबल्सचं मात्र अ‍ॅपमध्ये हाल आहेत, शोधूनही सापडत नाही.

वर्षाचा प्लॅन घ्यावा का? नुसते ग्रँडस्लॅमच बघणार असाल तर नको. ऑस्ट्रेलियन जानेवारीत संपलं की थेट मे अखेरपर्यंत काही नाही, मग फ्रेंच आणि विम्बल्डन लागोपाठ, मध्ये जेमतेम तीन आठवडे, आणि ऑगस्टच्या शेवटी यूएस. महिन्याचा प्लॅन मिळत असेल तर तो घ्या आणि ऑटो रिन्यूअल लगेच बंद करा, ते बटण सेटिंगमध्ये पार तळाला लपवलंय.