सर्व्हरसाठी ३ केव्हीए ऑनलाइन यूपीएस: पावसाळा, उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

पुण्यातल्या छोट्या ऑफिसची सर्व्हर रूम. यूपीएस ‘ऑनलाइन’ प्रकारचा, म्हणजे मेन असतानाही सतत इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा. दोन सर्व्हर, नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज), फायरवॉल आणि स्विच मिळून साधारण ९०० वॅट लोड. यूपीएसच्या बाहेर वेगळ्या रॅकवर १२ व्होल्ट, २६ एएच (अँपिअर-अवर) च्या ८ एसएमएफ, म्हणजे पाणी न घालाव्या लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे ९६ व्होल्टची बँक.

आधी बॅकअपचा हिशोब, कारण इथेच फसगत होते. ९६ गुणिले २६ म्हणजे जवळपास २,५०० वॅट-अवर, म्हणून पावणेतीन तास, असं कागदावर दिसतं. पण २६ एएच हा आकडा २० तासांत सावकाश रिकाम्या होणाऱ्या बॅटरीचा असतो. इथे साडेदहा अँपिअर खेचले जातात, इन्व्हर्टरही थोडं खातो. नव्या बॅटऱ्यांवर दीड तासच धरा. वीज कंपनीच्या गुरुवारच्या शटडाऊनला तेवढं पुरत नाही, जनरेटर लागतोच. ऑनलाइन प्रकार घ्यायचं मुख्य कारणही जनरेटरच: छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी लोडबरोबर हलते आणि लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (आलेली वीज ठीक असेपर्यंत तीच पुढे देणारा) सारखा बॅटरीवर जातो. ऑनलाइनला तो त्रास कमी. फॅन मात्र सतत वाजतो, माणसं बसतात तिथे ठेवू नका.

डिस्प्लेवरच्या १०० टक्क्यांवर विसंबू नका. तो पूर्ण बँकेचा व्होल्टेज बघून अंदाज सांगतो. दर तीन महिन्यांनी, डेटाचा बॅकअप घेऊन झाल्यावर, मेन बंद करा आणि खऱ्या लोडवर १५ मिनिटांनी प्रत्येक बॅटरी मल्टिमीटरने वेगळी मोजा. चार्जिंगवर आठही १३.६ च्या आसपास, अगदी ठणठणीत दिसतात. लोडवर सात १२.१ दाखवतात आणि एक ११.३ वर येते. तीच पूर्ण बँक खाली ओढते. बँक वर्षाच्या आतली असेल तर तेवढी एक वॉरंटीत बदला; तीन वर्षांची असेल तर आठही. जुन्यांत एक नवी घातली तर चार्जिंग सारखं होत नाही आणि नवीही लवकर जाते. मोजताना आणि उघडताना अंगठी, घड्याळ काढा. ९६ व्होल्ट डीसी गमतीची गोष्ट नाही. नट सोडण्याआधी बँकेचा डीसी ब्रेकर पाडा, पाना इन्सुलेटेड वापरा.

बॅटरीला खरं मारते ती उष्णता. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये रात्री एसी बंद करायची सवय असेल तर ती वीजबचत बॅटऱ्यांच्या बिलात जाते. दोन बॅटऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरी पूड दिसली तर साफ करून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीची कड फुगलेली दिसली तर मोजत बसू नका, लगेच काढा.

वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप बंद करण्यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर उत्तम चालतं. पण कॉम्प्युटरशी मेगाटेक प्रोटोकॉलने बोलणाऱ्या यूपीएसमध्ये उरलेल्या मिनिटांचा आकडा भरवशाचा नसतो. त्यामुळे टायमर लावा: वीज जाऊन ४० मिनिटं झाली की सर्व्हर बंद. आणि बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग केली तरी यूपीएसने आउटपुट मधे तोडलं नाही, तर सर्व्हर बंदच राहतो. सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसचं आउटपुट तोडण्याची आज्ञा टाकून ते एकदा प्रत्यक्ष तपासा.