घरच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेण्यासाठी यूएसबी डोंगल : घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा

लग्नाची, मुंजीची, बारशाची व्हीएचएस कॅसेट कपाटात आहे, ती कॉम्प्युटरवर घ्यायची आहे, असं म्हणून ऑनलाइन शोधलं की पहिल्यांदा दिसतो तो 'ईझीकॅप' नावाने विकला जाणारा छोटा यूएसबी डोंगल. किंमत हजार रुपयांच्या आतबाहेर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन तोंडं आणि एक गोल एस-व्हिडिओचं. सोबत एक छोटी सीडी, जी आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये घालायला जागाच नसते.

हा डोंगल टाकाऊ नाही. चांगल्या प्लेअरवर, चांगल्या अवस्थेतल्या कॅसेटचं काम तो नीट करतो. पण 'ईझीकॅप' हे आता एका कंपनीच्या एका वस्तूचं नाव राहिलेलं नाही. बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या डब्यांच्या आत चार-पाच वेगवेगळ्या चिप निघतात, आणि चित्र कसं येणार, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मिळणार की नाही, हे त्या चिपवर ठरतं. वेष्टनावर चिपचं नाव नसतं. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या, आणि आल्याबरोबर लावून बघा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या उपकरणाच्या तपशिलात 'हार्डवेअर आयडी' पाहिला की आतलं गुपित कळतं. ०५ई१ आणि ०४०८ दिसलं तर सिनटेकची एसटीके ११६० चिप, १बी७१ आणि ३००२ दिसलं तर यूटीव्ही ००७, सुरुवात ईबी१ए ने झाली तर एम्पिया, १सी८८ ने झाली तर सोमॅजिक. यांतली सिनटेक आणि एम्पिया बरी. सोमॅजिक निघाली तर सरळ परत करा, नव्या विंडोजवर ड्रायव्हरसाठी वणवण करावी लागते. लिनक्स वापरणाऱ्यांना एक सोय आहे : सिनटेक, यूटीव्ही आणि एम्पिया या तिन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, लावलं की चालतं.

अलीकडे 'ड्रायव्हरची गरज नाही' असं लिहिलेले डोंगलही मिळतात. ते वेबकॅमसारखे ओळखले जातात, त्यामुळे चालू लगेच होतात, पण बरेचसे चित्र आतल्या आत दाबून आणि आकार बदलून पाठवतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे एव्हीचं एचडीएमआय करणारा पांढरा-काळा डबा. तो जुनं चित्र ताणून ७२० किंवा १०८० रेषांचं करतो, आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमचे ६० करतो, आणि हात हलला की झटके दिसतात. एकदा फाइलमध्ये बसलेले ते झटके नंतर निघत नाहीत. तो घेऊ नका.

खरा खर्च प्लेअरवर करा. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारं मशिन, बनवणं थांबवलं, ती शेवटची होती. म्हणजे आता जे मिळेल ते जुन्या बाजारातलं किंवा नातेवाइकांच्या माळ्यावरचं. घेताना बघायचं ते असं : मागे पिवळी-पांढरी पिन हवी, फक्त अँटेनाची केबल लागणारा नको. कॅसेट घातल्यावर ती सरळ आत जायला हवी. पुढे-मागे पळवताना आवाज एकसारखा हवा. बरेच दिवस पडून असलेल्या मशिनमध्ये रबरी पट्टे सैल पडतात आणि पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून धरणारं रबरी चाक, टणक होतो. असं मशिन कॅसेट आत घेतं, थोडी चालवतं आणि फीत चघळायला लागतं. म्हणून पहिली कॅसेट नेहमी बिनमहत्त्वाची घाला.

हेड साफ करणं हे घरी जमण्यासारखं काम आहे, फक्त हलक्या हाताने. वायर काढा, वरचं झाकण उघडा. मधे तिरका बसवलेला चकचकीत ड्रम दिसेल, त्याच्या खालच्या कडेला बसलेली नखाच्या टोकापेक्षाही लहान हेड म्हणजेच या मशिनचा जीव. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, साधा पांढरा जाड कागद किंवा मऊ कातड्याचा तुकडा त्यात भिजवा, तो ड्रमला अगदी हलका टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेला धरून हळूहळू फिरवा. कागद वर-खाली कधीही घासायचा नाही, त्या दिशेने हेड तुटतं. कापसाचे बोळे ड्रमला नकोत, तंतू अडकतात. शेजारचं आवाजाचं स्थिर हेड आणि फीत ओढणारी लोखंडी दांडी यांना बोळा चालतो. चित्रात सतत मुंग्या येत असतील तर बऱ्याच वेळा एवढ्यानेच काम होतं.

आता कॅसेट. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, गोव्यात आणि मुंबईत, पावसाळ्याच्या दमटपणामुळे बुरशी हा सगळ्यांत मोठा शत्रू आहे. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा. गुंडाळलेल्या फितीचा कडेचा भाग काळा, गुळगुळीत, आरशासारखा दिसायला हवा. त्यावर पांढरट पावडर, ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती कॅसेट चांगल्या मशिनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेटसाठी वेगळं, गेलं तरी चालेल असं मशिन लागतं, किंवा जाणकाराकडे द्यावी लागते. बाकीच्या कॅसेटच्या मागच्या कडेचं छोटं प्लास्टिकचं पान आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे पळवा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेल्या फितीचा ताण त्याने सारखा होतो. फीत तुटली असेल तर सेलोटेप लावू नका. त्याचा चिकटा पसरतो आणि ड्रमवर जातो. फितीसाठीची जोडपट्टी वेगळी मिळते, ती हेडला न लागणाऱ्या बाजूने लावायची.

डोंगल फसतो तो इथे : व्हीएचएसच्या फितीवरची प्रत्येक रेघ अगदी वेळेवर येत नाही. फीत किंचित ताणलेली असते, ड्रम किंचित डगमगतो, त्यामुळे एक रेघ जरा लवकर तर दुसरी जरा उशिरा येते. जुना डब्यासारखा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. डोंगलमधली स्वस्त चिप सांभाळत नाही. मग मांडवाचे उभे खांब करवतीच्या दातांसारखे दिसतात, आणि चित्राच्या अगदी वरच्या भागात तोरण एका बाजूला वाकतं, जणू कोणी तिथे चिमटा काढून ओढलंय. हे जास्त झालं की चिप फ्रेमच गाळते, आणि गाळलेल्या फ्रेमबरोबर चित्र आणि आवाज यांचा मेळ सुटत जातो. सुरुवातीला मंगलाष्टकं बरोबर असतात, सप्तपदीपर्यंत भटजींचे ओठ आणि मंत्र यांची फारकत झालेली असते.

यावरचा उपाय म्हणजे मधे एक यंत्र घालणं, जे प्रत्येक रेघ जागच्या जागी लावून पुढे पाठवतं. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. स्वतंत्र यंत्र महाग आणि दुर्मिळ आहे. पण पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस १० आणि ईएस १५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर या कामासाठी जगभर नावाजलेले आहेत. व्हीसीआरची पिन रेकॉर्डरच्या मागच्या इनपुटला, रेकॉर्डरची आउटपुट डोंगलला. रेकॉर्ड काहीच करायचं नाही, फक्त चित्र त्यातून जाऊ द्यायचं. मेनूत जाऊन लाइन-इनची नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे होतात. रेकॉर्डरऐवजी साधा डीव्हीडी प्लेअर चालत नाही, त्याला इनपुट नसतं. वाकलेलं तोरण आणि गळणाऱ्या फ्रेम, दोन्ही एका झटक्यात सुधारतात. हजाराच्या डोंगलला हे जोडलं तर दहा हजारांच्या कॅप्चर कार्डाची गरज उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअर : सीडीवरचं नको. ते थेट डीव्हीडीच्या दर्जाची दाबलेली फाइल करतं. ओबीएस बरेच जण सुचवतात, पण ते थेट प्रक्षेपणासाठी बनवलेलं आहे, विणलेल्या (इंटरलेस्ड) चित्राशी, म्हणजे ज्यात एकाआड एक रेषांचे दोन अर्धे भाग, फील्ड, पाठोपाठ येतात त्याच्याशी, त्याचं जमत नाही. व्हर्च्युअलडब मोफत आहे आणि याच कामाला उत्तम आहे. कॅप्चर मोडमध्ये जा, डोंगल निवडा, इनपुट कॉम्पोझिट (म्हणजे पिवळी पिन), मानक पाल-बी (आपल्याकडचा टीव्हीचा प्रकार), आकार ७२० बाय ५७६, रंगाचा प्रकार वायूवाय२, वेग २५ फ्रेम. कॉम्प्रेशनसाठी हफवायूव्ही किंवा लॅगॅरिथ. या दोन्हींत चित्रातला एकही कण हरवत नाही. आवाज ४८००० हर्ट्झ, १६ बिट, काहीही न दाबता.

जागा किती लागते तेही आधी मोजा. अजिबात न दाबता एक तासाचं चित्र सुमारे ७५ जीबी होतं, हफवायूव्हीने साधारण ३० ते ३५. ई-१८० म्हणजे तीन तासांची कॅसेट शंभर जीबीपर्यंत जाते. ड्राइव्ह एनटीएफएस फॉर्मॅटची हवी. एफएटी-३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडते. डोंगल हबमध्ये नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. स्लीप मोड, स्क्रीनसेव्हर बंद.

चित्र येतंय पण आवाज नाही, ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार, आणि बहुतेक वेळा डोंगलचा दोष नसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असली की डोंगलचा आवाजही बंद होतो. ती चालू करा. एका कानात आवाज येत असेल तर प्लेअर मोनो आहे, ते नंतर दोन्हीकडे करता येतं. गुरगुर येत असेल तर व्हीसीआरचा आवाज हाय-फायवरून नॉर्मलवर टाकून बघा.

उजेडाकडे मात्र आधीच लक्ष द्या. आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये व्हिडिओवाला प्रखर दिवा अगदी तोंडासमोर धरायचा. डोंगलचा ब्राइटनेस कारखान्यातून जसा येतो तसा ठेवला तर नवरदेवाचा सदरा नुसता पांढरा ठोकळा दिसतो, घड्या नाहीत, बटणं नाहीत. व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, चालू करा आणि सर्वांत उजळ प्रसंग लावून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट इतके खाली आणा की आलेख उजव्या कडेला आपटणार नाही. चित्र थोडं मळकट दिसेल, ते नंतर उजळता येतं. जळालेला पांढरा भाग परत येत नाही. चित्राच्या अगदी खाली दिसणारी थरथरती पट्टी हेड बदलण्याच्या जागी येते, तो बिघाड नव्हे. कॅप्चर करताना ती कापू नका, शेवटी काळ्या पट्टीने झाका.

व्हीसीआरच्या मेनूत निळा पडदा बंद करा. कॅसेटमध्ये दोन प्रसंगांच्या मधे कोरी जागा आली की मशिन निळा पडदा दाखवतं, आणि तिथे डोंगल सिंक सोडतो. पहिल्यांदा दहा मिनिटांची चाचणी घ्या, मग पूर्ण. एका तासात बरोबर ९०,००० फ्रेम यायला हव्यात. व्हर्च्युअलडब गळलेल्या फ्रेमचा आकडा उजवीकडे दाखवतं. चार-पाच चालतील, शेकड्याने गळत असतील तर थांबा, हेड आणि जोडणी तपासा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट वेगळी असते. ती एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या प्रकारातली. आपले बरेच मल्टिसिस्टिम व्हीसीआर ती वाजवतात, पण पाल-६० नावाच्या मिश्र प्रकारात बाहेर पाठवतात, आणि डोंगल काळं-पांढरं, पळणारं चित्र देतो. व्हीसीआरवर एनटीएससी आउटपुटचं बटण असेल तर ते लावा आणि डोंगलमध्ये ७२० बाय ४८० घ्या. बटण नसेल तर एनटीएससी प्लेअर शोधावा लागेल.

मिनी-डीव्ही कॅसेटला हा डोंगल लावूच नका. ती आधीच डिजिटल आहे. फायरवायर केबलने जशीच्या तशी उतरते, तासाला सुमारे १३ जीबी. काही डिजिटल-८ कॅमेरे जुन्या हाय-८ कॅसेटही वाजवतात आणि फायरवायरने देतात. असा कॅमेरा हाती लागला तर हाय-८साठी तोच मार्ग सर्वांत चांगला.

कॅप्चर झाल्यावर मूळ मोठी फाइल हात न लावता ठेवा आणि घरच्यांना पाठवायची वेगळी करा. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करताना, म्हणजे विणलेलं चित्र सोडवताना, बॉब निवडा, म्हणजे ५० फ्रेम मिळतात आणि नाचणारी वरात ओघवती दिसते. २५ केले की ती अडखळते. डोंगलच्या फाइलमध्ये वरचं फील्ड आधी असतं, डीव्हीत खालचं, उलट झालं की हलणाऱ्या वस्तू पुढे-मागे थरथरतात. आकार ४:३ म्हणजे ७६८ बाय ५७६ ठेवा, रुंद पडदा भरायला ताणू नका. एच २६४ मध्ये दर्जा १८ ठेवला तर तासाला दोन ते तीन जीबी होतात.

दुकानात द्यायचं असेल तर दोन प्रश्न विचारा : मधे टाइम बेस करेक्टर किंवा रेकॉर्डर लावता का, आणि न दाबलेली फाइल ड्राइव्हवर द्याल का. फक्त डीव्हीडी किंवा थेट मोबाइलची फाइल देणाऱ्याकडे लग्नाची एकुलती एक कॅसेट देऊ नका. काम झाल्यावर कॅसेटही मागून घ्या, आणि ती उभी, सिलिका जेलच्या पुडीसह, हवाबंद डब्यात ठेवा.