ऋतूनुसार बदलणारे कपाट: आमच्या गावच्या वाचनालयाविषयी

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात आत शिरले की डाव्या हाताला देवघेवीचे टेबल लागते आणि त्याला लागूनच तीन फळ्यांचे, काचेच्या दारांचे एक लहानसे कपाट आहे. या कपाटाला कुलूप नसते. मी गेली अकरा वर्षे या वाचनालयाचा सभासद आहे आणि हा अभिप्राय मुख्यतः त्या कपाटासाठी लिहीत आहे, कारण वर्षभरातील कार्यक्रम आणि वाचकांना पुस्तके सुचवण्याची पद्धत यांचा विचार करता या वाचनालयाचे सर्वांत मोलाचे काम तिथे चालते, असे माझे मत आहे.

कपाटातील पुस्तके साधारण दर महिन्या-दीड महिन्याने बदलतात आणि ती मराठी महिन्यांच्या चालीने बदलतात. ज्येष्ठ सरत आला की वारीची आणि पावसाची पुस्तके पुढे येतात, दिवाळीत तिन्ही फळ्या अंकांनी भरतात, माघ-फाल्गुनात कविता असते आणि परीक्षा संपल्या की खालच्या दोन फळ्या मुलांसाठी राखल्या जातात. प्रत्येक पुस्तकात बांधणीच्या उरलेल्या पुठ्ठ्याची एक पट्टी खोचलेली असते आणि तिच्यावर ग्रंथपालबाईंनी निळ्या शाईत दोन-तीन ओळी लिहिलेल्या असतात. त्या ओळींत पुस्तकाची स्तुती फारशी नसते. हे पुस्तक कोणाला आवडेल, कुठून वाचायला घ्यावे आणि हे आवडले तर पुढे काय न्यावे, एवढेच असते. मलपृष्ठावरच्या मजकुरापेक्षा मला या पट्ट्यांचा उपयोग कितीतरी अधिक झाला आहे.

गेल्या आषाढात या कपाटात दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ होते. मोकाशी स्वतः वारीत चालले आणि त्या अनुभवावर त्यांनी हे पुस्तक लिहिले. त्याच्या शेजारी इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेखसंग्रह ठेवला होता आणि पट्टी नेमकी ‘वाटचाल’ या पंढरीच्या वाटेवरील लेखाच्या पानावर होती. एकच वाट दोन वेगळ्या नजरांनी लागोपाठ वाचायला मिळावी, ही योजना ज्याला आपल्या संग्रहातील पुस्तके आतून माहीत आहेत त्यालाच सुचू शकते. मी दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ नेली आणि परत करताना टेबलाशी उभ्या असलेल्या एका निवृत्त शिक्षकांशी त्यांविषयी पाऊण तास बोलत राहिलो. त्यांनीही ती त्याच क्रमाने वाचली होती.

वरच्या फळीवर त्याच वेळी दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ होते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख असलेले हे पुस्तक 1956 साली प्रसिद्ध झाले आणि ऋतूप्रमाणे पुस्तके मांडणाऱ्या कपाटात त्याची जागा पहिलीच असायला हवी. पट्टीवर सूचना होती की, हे पुस्तक सलग वाचू नये, चालू महिन्याचा लेख वाचून थांबावे. शेवटच्या पानाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी मी सहज पाहिली. कपाटात येण्यापूर्वीचा शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा होता आणि कपाटात आल्यापासून त्या एका पावसाळ्यात त्याच चिठ्ठीवर चार शिक्के पडले होते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील तिसरे सूत्र असे की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. 12 ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिनी, आमच्या वाचनालयात ही पाचही सूत्रे फळ्यावर लिहिली जातात. तिसऱ्या सूत्राचा अर्थ मला मात्र त्या चार शिक्क्यांनी समजला.

दिवाळी अंकांची योजना हा येथील दुसरा मोठा आनंद आहे. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आजही घरोघरी जपली जाते, परंतु एकेका अंकाची किंमत पाहता पाच-सहा अंकांपेक्षा अधिक विकत घेणे बहुतेकांना झेपत नाही. वाचनालयात ठरावीक रक्कम एकदाच भरली की फाल्गुनापर्यंत एका वेळी एक याप्रमाणे हवे तितके अंक घरी नेता येतात. अट एवढीच की अंक चार दिवसांत परत आला पाहिजे. अंक देण्यापूर्वी त्याला खाकी वेष्टण घातले जाते आणि वेष्टणावर वाचकांनी आपल्याला आवडलेल्या लेखाचा पृष्ठक्रमांक पेन्सिलीने लिहावा, असा येथील प्रघात आहे. त्यामुळे डिसेंबरात हाती येणाऱ्या अंकावर आधीच्या दहा-बारा वाचकांची निवड दिसते, आणि ज्या क्रमांकावर तीन-चार जणांनी खुणा केल्या आहेत ते पान मी आधी उघडतो.

व्याख्याने आणि दिनविशेष यांबाबत मात्र मला काही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, 15 ऑक्टोबर, राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. आमच्याकडे त्या दिवशी प्रतिमापूजन, पाहुण्यांचे स्वागत आणि भाषणे होतात, आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत देवघेव बंद ठेवली जाते. गेल्या वर्षी शाळेतील चाळीसेक मुले या कार्यक्रमाला आली होती. वाचनाचे महत्त्व तासभर ऐकून ती परत गेली, तेव्हा एकाही मुलाच्या हातात पुस्तक नव्हते. याचे मला मनापासून वाईट वाटले. उन्हाळी बालशिबिराचीही तीच अडचण आहे. कागदकाम, चित्रकला, गोष्टी सांगणे हे सगळे छान होते आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची गोष्ट रंगात आल्यावर मुले जागची हलत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यानंतर एका मुलीने ते पुस्तक घरी नेण्यासाठी मागितले. तिला सभासदत्वाचा अर्ज, पालकांची सही, दोन छायाचित्रे आणि अनामत रक्कम आणायला सांगण्यात आले आणि शिबिराच्या उरलेल्या दिवसांत ती पुन्हा टेबलाकडे आली नाही. पुस्तक गहाळ होण्याची धास्ती मी समजू शकतो, कारण अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला प्रत्येक प्रतीचा हिशेब द्यावा लागतो. तरीही शिबिरापुरती वीस-पंचवीस पुस्तके बाजूला काढून ती केवळ नाव लिहून घेऊन मुलांना द्यावीत, अशी लेखी विनंती मी कार्यकारी मंडळाकडे केली आहे.

याउलट 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त होणारे कवितावाचन मला फार आवडते. तिथे पाहुणे नसतात आणि हारतुरेही नसतात. ज्याला वाचायचे असेल त्याने याच वाचनालयातून नेलेल्या संग्रहातील एक कविता वाचायची आणि वाचून झाल्यावर तो संग्रह टेबलावर ठेवायचा, एवढाच नियम असतो. कार्यक्रम संपताच ते संग्रह तिथल्या तिथे दुसऱ्यांच्या नावावर दिले जातात. ऐकताना मनात भरलेली कविता त्याच रात्री घरी नेता येते.

इतर सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर वाचनकक्ष स्वच्छ आहे, वर्तमानपत्रे वेळेवर लागतात, पंखे पुरेसे आहेत. संदर्भ विभागातील उजेड मात्र अपुरा आहे.

नव्याने सभासद होणाऱ्यांनी पहिल्या भेटीत सायंकाळी साडेपाचनंतर यावे, कारण त्या वेळी ग्रंथपालबाई स्वतः टेबलावर असतात आणि काय वाचले आहे हे विचारून मगच पुस्तक काढून देतात. कपाटातील पुस्तक बाहेर गेलेले असेल तर टेबलावरच्या लाल बांधणीच्या नोंदवहीत त्याचे नाव आणि आपला सभासद क्रमांक लिहून ठेवावा. पुस्तक परत आले की ते आपल्यासाठी आठवडाभर राखून ठेवले जाते.